पोरीनं सांगितलं मराठीत, कागदावर उतरलं कन्नडात. उलटतपासणीच्या आधी काय करता येईल?

शिवणमशीन | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार. मी इथं वाचतेच जास्त, लिहीत नाही. मागं एकदा गौरीच्या मुखवट्यांवर लिहिलं होतं, तेवढंच. आज लिहायला बसले, कारण विचारायचं कुणाला तेच कळेना.

गाव, तारखा, नाती मुद्दाम थोडी फिरवून लिहितेय. ओळखलं असं कुणाला वाटलं तर कृपा करून इथं बोलू नका.

बेळगावच्या एका उपनगरात मी शिवणक्लास चालवते. २०२२ मध्ये एक पोर माझ्याकडं ब्लाऊज शिकायला यायची, वय बावीस. तिच्यावर नात्यातल्याच एका माणसानं जबरदस्ती केली. घरी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी क्लासमध्ये काजं करता करता तिचा हात थांबला आणि तिनं मला सांगितलं. आधी आईला सांगितलं का विचारलं, तर म्हणाली, "आईला सांगितलं की ती मरंल."

ठाण्यात गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते, परत निघालो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारा पोलीस, म्हणाला, "हेळम्मा, एनायतु?" म्हणजे सांग बाई, काय झालं. आता भाजीचा भाव करण्याइतकं, बसमध्ये भांडण्याइतकं कन्नड आम्हा सगळ्यांना येतंय. पण हे सांगायला त्या पोरीला मराठीत शब्द सापडत नव्हते, कन्नडात कुठनं सापडणार? एक वयस्क हवालदार मराठी जाणणारे होते, त्यांना बसवलं. माणूस भला होता, खोटं कशाला बोलू. तिच्यासाठी चहा त्यांनीच मागवला. पण ती पाच वाक्यं बोलायची आणि ते रायटरला एक सांगायचे. मधली चार कुठं गेली?

शेवटी भराभर वाचून दाखवलं, कन्नडातच. तिनं मान डोलावली. तीन पानं कन्नड आणि खाली तिची मराठीतली सही.

आता तीन वर्षांनी खटला सुरू झालाय. सरकारी वकिलांनी विचारायचं ते मागच्या तारखेला विचारून झालं, पुढच्या तारखेला उलटतपासणी आहे. वकिलांकडून जबाबाची नक्कल मिळाली. माझा भाचा कन्नड मीडियमचा, त्याच्याकडनं वाचून घेतली. पोरगं वाचता वाचता गप्प झालं. ती "परवा" म्हणाली होती, म्हणजे आपण बोलण्यात म्हणतो तसं, मागं दोन-चार दिवसांत. कागदावर दोन दिवस आधीची तारीखच पडलीय. "दिवेलागणीला" म्हणाली होती, तिथं "रात्री साडेआठच्या सुमारास" आलंय. आणि सगळ्यात वाईट हे. ती म्हणाली होती, "वरडायला गेले पण तोंडातनं आवाजच फुटेना." कागद म्हणतो, ती ओरडली नाही.

समोरचा वकील हेच धरून बसणार, हे मला शिवणकाम करणाऱ्या बाईलासुद्धा दिसतंय. काय करता येईल? हे कागद दुरुस्त होतात का?

खानापूरचा फणस | मंगळवार, रात्री ११:१५

ताई, आधी तुम्ही तिच्यासोबत साडेपाच तास बसलात त्याबद्दल हात जोडतो.

मी शाळामास्तर, दोन्ही भाषांत वाढलेला. यातली एक मेख कुणी सांगत नाही. आपण मराठीत "बलात्कार" म्हणतो त्याला कन्नडात "अत्याचार" म्हणतात. आणि कन्नडात "बलात्कार" हा शब्द नुसत्या जबरदस्तीलाही चालतो, बळानं एखादं काम करायला लावलं तरी. मराठीत उलटं, "अत्याचार" म्हटलं की त्यात मारहाणही आली, छळही आला. दोन्ही शब्द संस्कृतातले, दोन्ही भाषांत आहेत, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला कळलं. अगदी परकी भाषा असती तर निदान विचारलं तरी असतं. तुमच्या कागदात कुठं कुठला शब्द आलाय ते भाच्याकडून नीट बघून घ्या.

आणि आपल्या बायका तर दोन्ही शब्द वापरत नाहीत. "नको ते केलं", "अंगाला आला", "वाईट वागला". "वाईट वागला" याचं भाषांतर कुठल्या कलमात करणार?

डेक्कनवाला | मंगळवार, रात्री ११:३१

म्हणूनच म्हणतो, बेळगाव महाराष्ट्रात असतं तर ही वेळच आली नसती. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. सीमाभागातल्या मराठी माणसावर अन्याय होतो तो असा.

घाटाखालून | बुधवार, सकाळी ७:०५

डेक्कनवाले, सीमालढ्यात माझ्या आजोबांनी लाठ्या खाल्ल्यात, मला शिकवू नका. पण १९७२ साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला तो देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, महाराष्ट्रच. आरोपी दोन पोलीस. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं; तिनं प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, हा त्यातला मोठा मुद्दा. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठं १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या ठाण्यात भाषेची अडचण नव्हती. म्हणून हा धागा सीमाप्रश्नावर नेऊ नका. त्याला इथं शंभर धागे आहेत.

डेक्कनवाला | बुधवार, सकाळी ९:२०

मान्य. मागे घेतो. पण भाषेचा मुद्दा खराच आहे ना?

घाटाखालून | बुधवार, सकाळी ९:२४

आहेच. मराठी ठाण्यात कन्नड किंवा लमाणी बोलणारी बाई गेली तरी तो तेवढाच खरा आहे.

काळा कोट | बुधवार, दुपारी २:५०

शिवणमशीनताई, मी बेळगाव आणि धारवाडला वकिली करते. तुमच्या वकिलांनी कागद पाहिलेत, मी नाही, त्यामुळे अंतिम सल्ला त्यांचाच. जेवणाची सुट्टी संपायच्या आत लिहिते.

पहिली गोष्ट, घाबरू नका. पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब हा पुरावाच नसतो. कोर्टात ती शपथेवर जे सांगते तो पुरावा. पोलीस जबाब समोरच्याला वापरता येतो तो फक्त "तेव्हा असं म्हणालीस, आता तसं म्हणतेस" हे दाखवायला. फिर्यादीचंही साधारण तसंच. आणि विसंगती म्हणजे गाभ्यातली हवी. साडेआठ की साडेसात, यावर खटला पडत नाही. १९९६ च्या गुरमीत सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, फिर्याद उशिरा दिली म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि किरकोळ तफावतींवरून तिला खोटं पाडू नये. तीन दिवसांच्या उशिराचं उत्तरही त्यातच आहे.

दुसरी गोष्ट, तो कागद आता कुणीही खोडून दुरुस्त करणार नाही. पण ज्यांनी लिहिला ते तपास अधिकारी साक्षीला येतीलच. फिर्यादी मराठीत बोलत होती का, भाषांतर कुणी केलं, त्याचं नाव कागदावर आहे का, हे त्यांना विचारता येतं. सरकारी वकिलांना आजच सांगून ठेवा. त्यांच्याकडं एका वेळी ढिगानं फाईली असतात, आपण सांगितल्याशिवाय ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येणार नाही. त्यांच्या मदतीला स्वतःचा वकील देण्याचीही सोय कायद्यात आहे. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा, बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि वापरते मात्र क्वचितच कुणी. तुमचा खटला जुना, म्हणून तो सीआरपीसीनंच, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंच चालणार. त्यात कलम २७८ आहे. साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची. साक्ष एका भाषेत दिली, लिहिली दुसऱ्या भाषेत, आणि साक्षीदाराला ती येत नसेल, तर त्याच्या भाषेत समजावून सांगायची. "हे मी असं म्हटलेलं नाही" असं साक्षीदार म्हणाला तर न्यायाधीश दुरुस्ती करू शकतात. करायची नसेल तर निदान त्याची हरकत टिपणात नोंदवायची असते. रोजच्या धांदलीत हे सगळं दोन मिनिटांत उरकतं आणि साक्षीदार सही करून पळतो. तिला सांगा, पळायचं नाही. "साहेब, मला मराठीत सांगा मग सही करते," एवढं एक वाक्य पाठ करायचं.

उलटतपासणी बंद दाराआड होते. त्याचा आग्रह धरा, नाहीतर मागच्या बाकावर ज्युनियर वकील येऊन बसतात. तिच्या चारित्र्यावर, आधीच्या संबंधांवर प्रश्न विचारायला कायद्यानं मनाई आहे. आरोपी नजरेसमोर नको असेल तर पडदा मागता येतो, साक्षी विरुद्ध भारत सरकार या २००४ च्या निकालापासून. तिथल्या कोर्टात दुबळ्या साक्षीदारांसाठी वेगळी खोली आहे का ते विचारा. स्मृती बडदे खटल्यात जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या जिल्ह्यांत अशा खोल्या करायला सांगितल्यात.

प्रश्न समजला नाही तर "समजलं नाही" म्हणायचं. आठवत नाही ते "आठवत नाही." अंदाजानं हो म्हणायचं नाही. आपल्या मुली साहेबांसमोर मान डोलावतात, तिथंच घात होतो.

स्पष्टवक्ता ७७ | बुधवार, दुपारी ४:१२

सगळे एकाच बाजूनं बोलताय. माझ्या चुलत भावावर अशीच केस झाली होती. चार वर्षं कोर्ट, नोकरी गेली, शेवटी निर्दोष. त्याचं कोण बोलणार? निम्म्याहून जास्त केसेसमध्ये लोक सुटतात, म्हणजे त्या खोट्याच ना?

काळा कोट | बुधवार, रात्री ८:३०

तुमच्या भावाची चार वर्षं गेली हे वाईटच झालं. खटला वेळेत संपला असता तर त्याचंही भलं झालं असतं. पण तुमचा हिशोब चुकतोय. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. निकाल लागलेल्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण सत्तावीस टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेले सगळे खोटे? निर्दोष सुटणं म्हणजे संशयापलीकडं सिद्ध झालं नाही, एवढंच. मी स्वतः पाहिलेल्या खटल्यांत पंच फितूर झालाय, डॉक्टर बदली होऊन गेलाय, आणि दोनदा तर मुलगीच "मला काही आठवत नाही" म्हणून गेलीय, कारण मधल्या काळात तिचं लग्न झालं होतं आणि सासरी काही माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी समन्स घेऊन पोलीस सासरच्या दारात उभा राहिला की ती काय करील?

शिवणमशीन | बुधवार, रात्री ९:०२

वकीलबाई, तुमचं उत्तर कागदावर उतरवून घेतलं. आमच्या पोरीचंही दोन ठिकाणी ठरत आलेलं लग्न मोडलंय. एक तर पाहुण्यांनीच मोडलं, दुसरं तिनं.

एक राहिलं होतं. तो माणूस तिच्या आईचा लांबचा चुलत भाऊ. आमच्यात त्याला मामाच म्हणतात. कागदावर सोदरमावा आलंय, म्हणजे सख्खा मामा. आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्या या भागात मामा-भाचीची लग्नं होतात. त्यामुळं पहिल्या दिवशीच ठाण्यात एक जण म्हणाला, "मामाच ना? मग लग्न लावून टाका की, केस कशाला?" पंचांनी गावात तेच, त्याच्या बायकोला सोडचिठ्ठी द्यायला लावू म्हणाले. ती ऐकत होती हो सगळं. समोर बसून.

निपाणीची चाळीस नंबर | बुधवार, रात्री ९:४०

"लग्न लावून टाका" हे आमच्याकडं प्रत्येक केसमध्ये. विडीच्या कारखान्यात बारा वर्षं काढली, चार पोरींची अशी लग्नं पाहिली. त्यातली एक परत आली.

काळा कोट | बुधवार, रात्री १०:११

मार्च २०२१ च्या अपर्णा भट निकालात सुप्रीम कोर्टानं बजावलंय की अशा खटल्यात लग्नाची, तडजोडीची, माफीची भाषा न्यायाधीशांनी करायची नाही. एका उच्च न्यायालयानं आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घ्यायची अट घालून जामीन दिला होता, ती अट त्यात रद्द झाली. आणि आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयात २०२० च्या एका जामीन आदेशात "बलात्कारानंतर ती झोपली, हे भारतीय स्त्रीला न शोभणारं" अशा अर्थाचं वाक्य आलं होतं. ओरड झाल्यावर ते वगळलं गेलं. म्हणजे अडाणी हवालदारच असं बोलतो असं नाही.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ४:२०

नर्स आहे. ड्युटी संपत आलीय, झोप उडालीय. शिवणमशीनताईंना आता उपयोग नाही, पण हा धागा उद्या कुणीतरी दुसरं वाचेल म्हणून लिहिते.

आधी ठाणे की आधी दवाखाना, असं लोक विचारतात. आधी दवाखाना चालतो. फिर्याद नसली तरी तपासणी आणि उपचार द्यावेच लागतात, सरकारी असो की खासगी, आणि पैसे घ्यायचे नाहीत. नाकारणाऱ्याला शिक्षा आहे. अंघोळ, कपडे धुणं टाळता आलं तर टाळा. धुतले असतील तरी या. कपडे कागदात गुंडाळून आणायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घामट होऊन खराब होतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीचं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं. तीन दिवस "आई मरंल" म्हणून गप्प बसणाऱ्या पोरींचं हेच नुकसान होतं, आणि ते कुणी त्यांना सांगत नाही.

दोन बोटांची ती चाचणी. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच चूक ठरवली, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. तरी जुन्या छापील फॉर्मवर तो रकाना मी नंतरही पाहिलाय. रकाना दिसला की हात भरायला जातो, माणसाची जातच तशी. बरोबरच्या बाईनं डॉक्टरांना विचारावं, "ही कसली तपासणी?" विचारलं की आमच्यातलेही सावध होतात.

चंदगडी काजू | गुरुवार, सकाळी ८:१५

आमचं दुखणं वेगळं. शिनोळीच्या पुढं-मागं हद्द कुठं संपते ते एसटीच्या कंडक्टरलाच माहीत. आमच्या नात्यातली एक बाई बेळगावला कामाला. प्रकार घडला वाटेत, महाराष्ट्रात. ती घाबरून पुढं बेळगावलाच गेली, मैत्रिणीकडं. तिथल्या ठाण्यात सांगितलं, "तुमच्या हद्दीत जा." इकडं आली तर "दवाखान्याचा कागद कर्नाटकचा, तिकडंच द्यायची होती." दोन दिवस दोन राज्यं खेळली तिच्याशी. ही गोष्ट २०१९ ची.

काळा कोट | गुरुवार, दुपारी १:४०

दोघांचंही चूकच होतं. ललिता कुमारी निकालानंतर, म्हणजे २०१३ पासून, दखलपात्र गुन्हा नोंदवायला नाही म्हणताच येत नाही. हद्दीबाहेरचा असला तर शून्य क्रमांकानं नोंदवून पाठवायचा. आता १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते थेट लिहिलंय, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. बेळगावात दिलेली फिर्याद चंदगडला जाईल. कागद प्रवास करील, बाईनं करायचा नाही.

आणि नव्या कायद्यातली ही एक गोष्ट भाषेसाठी फार कामाची आहे. पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला पोलिसानं, आईवडील किंवा सामाजिक कार्यकर्त्यासमोर घ्यायचा, आणि तो मोबाईलवरही ध्वनिचित्रित करता येतो. "करता येतो" आहे, "केलाच पाहिजे" नाही. म्हणून आपण मागायचं. रेकॉर्डिंग असलं की पोरीचा मराठी शब्द जसाच्या तसा राहतो, मग कागद कुठल्याही भाषेत असो.

दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाबही लवकर मागून घ्या. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कर्नाटकातल्याच शिवण्णा खटल्यात सांगितलं होतं की पोलिसांनी पीडितेला चोवीस तासांत, शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांपुढं न्यावं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सोमध्ये दुभाषा देण्याची तरतूद वेगळी आहे.

खानापूरचा फणस | गुरुवार, दुपारी ३:३०

दुभाषा कुठनं आणायचा हा प्रश्न राहतोच. आमच्या शाळेतल्या बाईंना एकदा बोलावलं होतं. चार तास बसवलं, रिक्षाचे पैसेही नाहीत. दुसऱ्या वेळी बाई आजारी पडल्या. मी दोष देत नाही, मीही पडलो असतो.

धागा सांभाळणारी | गुरुवार, सायंकाळी ६:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकात "ही त्या अमक्या गल्लीतली केस का" असं विचारलं होतं. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. गल्ली, दुकान, वडिलांचा धंदा, सगळं आलं. २०२३ च्या डिसेंबरात बेळगाव तालुक्यातल्या होसवंटमुरीत मुलगा एका मुलीसोबत निघून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं होतं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि भेटायला रीघ लावणाऱ्यांनाही आवर घातला. माणसं सांत्वनाला जाऊनही त्रासच देतात. पुन्हा असा प्रतिसाद आला तर खातं बंद होईल.

शिवणमशीन | शुक्रवार, रात्री १०:०५

मावशीच्या मोबाईलवरनं मी लिहितेय. ज्या पोरीबद्दल हे सगळं आहे ती मी. मावशीनं वाचून दाखवलं, मग म्हटलं मीच लिहिते.

मी आतापर्यंत किती वेळा सांगितलं ते मोजलं. मावशीला, आईला, हवालदारकाकांना, मॅडमना, डॉक्टरना, परत दुसऱ्या डॉक्टरना, जज्जबाईंना, दोन सरकारी वकिलांना कारण पहिले बदलून गेले, आणि मग कोर्टात. दरवेळी दुसऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघत सांगायचं. काही जण ऐकताना पेन खेळवतात.

घरी सगळे म्हणतात विसर. आई देवळात नेते, बाबा टीव्ही मोठा करतात. आणि कोर्टात विसरले तर चूक. तारीख जवळ आली की मी रात्री सगळं परत पहिल्यापासून आठवून बघते, कुठलं आधी कुठलं नंतर. दोन तारखांना तसंच तयार होऊन गेले आणि जज्ज रजेवर. परत येताना बसमध्ये मला हसायला आलं. आई म्हणाली खुळी झाली काय.

कोर्टाच्या बाहेर एकच बाक आहे. त्याचा भाऊ तिथंच बसतो. काही बोलत नाही, शेंगा खातो. टरफलं माझ्या पायाकडं येतात. हे कुठल्या कागदात लिहायचं?

ते हवालदारकाका वाईट नव्हते. त्यांनी माझं बोलणं कमी करून सांगितलं ते मला वाटतं लाजेनं. त्यांची मुलगी माझ्याएवढी आहे म्हणाले होते. ते लाजले म्हणून कागदात मी ओरडले नाही.

स्पष्टवक्ता यांना राग नाही. तुमच्या भावालाही तारखा पडल्या असतील.

स्पष्टवक्ता ७७ | शुक्रवार, रात्री ११:५०

ताई, मी वाचलं. काय लिहू कळत नाही. माझा आधीचा प्रतिसाद राहू द्यायचा की काढायचा, तुम्ही सांगा.

शिवणमशीन | शनिवार, सकाळी ६:३०

राहू दे म्हणतेय ती.

काळा कोट | शनिवार, सकाळी १०:२५

बाकाचंही सांगा सरकारी वकिलांना. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून लागू आहे. धमकीच व्हायला हवी असं नाही, दडपण असलं तरी अर्ज देता येतो. मोठं काही मागू नका. दुसऱ्या खोलीत बसायची सोय आणि येता-जाता सोबतीला एक महिला पोलीस, एवढं मागा. मिळतं. आणि नुकसानभरपाईचा अर्ज केलाय का? निकालाची वाट पाहायची गरज नसते, अंतरिमही मिळते. विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी किमान चार लाख, कमाल सात लाख आहेत. पुष्कळ जणींना हे सांगणारंच कुणी नसतं.

शिवणमशीन | वीस दिवसांनी, सायंकाळी ७:४५

तारीख झाली. उशीर झाला लिहायला, घरी येऊन आम्ही दोघी नुसत्या झोपलो.

बसायला आतली खोली मिळाली. तिथं झेरॉक्सचं जुनं मशीन आणि कागदांचे गठ्ठे होते, पण दार होतं. दार बंद झालं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी आत जाऊ शकले नाही, त्यामुळं पुढचं सगळं तिनं सांगितलेलं.

समोरच्या वकिलांनी "परवा" धरलंच. तारीख सांगून विचारलं, तू त्या दिवशी कुठं होतीस. ती म्हणाली, परवा म्हणजे परवाच नव्हे. ते म्हणाले, मग काय? जज्जसाहेब तुमकूरकडचे, त्यांना मराठी येत नाही. शिरस्तेदारांनी सांगितलं, साहेब, इकडं असंच बोलतात. साहेबांनी ते लिहून घेतलं. तिला वाटलं आता संपलं.

मग ओरडण्याचं आलं. जबाबात लिहिलंय की ओरडली नाही, आज म्हणतेस ओरडायला गेले. तिनं विचारलं, दोन्हीत फरक काय? आवाज आलाच नव्हता. वकील म्हणाले, हो किंवा नाही सांग. ती गप्प बसली. किती वेळ ते तिलाही सांगता येत नाही. मग साहेब म्हणाले, तिला तिच्या शब्दांत सांगू द्या. तिनं सांगितलं.

संपल्यावर सहीचा कागद पुढं आला. तिनं ते वाक्य म्हटलं. टायपिस्टनं वर बघितलं, जेवणाची वेळ झाली होती. शिरस्तेदारांनी उभ्या उभ्याच मराठीत सांगायला सुरुवात केली, तर साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. एके ठिकाणी "आवाज केला नाही" असं आलं होतं, ते "आवाज फुटला नाही" असं तिनं करून घेतलं. कन्नडात त्याला काय लिहिलं, विचारायचं राहून गेलं. भाच्याला नक्कल दाखवणार आहे.

दुसरा मुद्दा, "मामा"चा, तो राहिलाय. तपास अधिकारी आले की सरकारी वकील विचारणार म्हणाले. ते अधिकारी आता कलबुर्गीकडं बदलून गेलेत, समन्स निघालंय. डॉक्टरांचीही साक्ष बाकी आहे. पुढची तारीख दिवाळीनंतर.

धागा बंद करू नका. तारीख झाली की लिहीन.